मेहुण्याचं पेटंट

माझ्या नवऱ्याला माझ्या भावाचा मत्सर वाटतो. हे मी त्याला तोंडावर कितीदा तरी सांगितलंय, आणि दर वेळी त्यानं चष्मा पुसत एकच उत्तर दिलंय, "मत्सर नाही, मतभेद आहे." मतभेद कशाबद्दल, ते मात्र त्याला आजवर सांगता आलेलं नाही. मी इस्पितळात एक्स-रे काढते. यंत्र लावून बघितल्याशिवाय माणसाच्या पोटातलं कळत नाही हे मला मान्य आहे, पण नवऱ्याच्या पोटातलं दुखणं ओळखायला यंत्र लागत नाही.

नवरा पेटंटचं काम करतो. लोकांना काहीतरी नवीन सुचतं, ते याच्याकडे येतात, आणि हा ते अशा भाषेत लिहून काढतो की दुसऱ्या कुणाला ते उचलता येऊ नये. त्यासाठी आधी इंजिनिअर व्हावं लागतं आणि मग कायद्याचीही परीक्षा द्यावी लागते. इंजिनिअरिंगला हा वर्गात पहिला होता. नंतर पंपाच्या कारखान्यात नोकरी केली. तिथे साहेबांच्या शोधाचे अर्ज लिहून द्यायचं काम याच्या गळ्यात पडलं, कारण याचं अक्षर चांगलं होतं आणि डोकं शांत होतं. ते काम इतकं जमलं की तेच करत राहिला. तेव्हापासून जगातल्या सगळ्या सुचलेल्या गोष्टी याच्या हाताखालून जातात आणि याला स्वतःला काही सुचत नाही, हे त्याचं कायमचं दुखणं होऊन बसलं.

त्याच्या धंद्याची भाषा घरात शिरलेली आहे. चमच्याला तो 'एका टोकास खोलगट भाग असलेला दांडा' म्हणतो. लग्नानंतर मला वाटायचं हा विनोद करतोय. एकदा म्हणाला, "सदर चहात साखर असल्याचे आढळून येत नाही." मी म्हटलं, "सदर डबा सदर फळीवर आहे, सदर हातानं घे."

त्याचं ऑफिस चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. अरुंद जिना, वर एक लांब टेबल, खिडकीपाशी आकृत्या काढणाऱ्या बाईंचा फळा. माणसं येतात ती पिशवी पोटाशी धरून, जणू जिन्यातच कुणी हिसकावून घेईल. हा पिशवीतली वस्तू हातात घेतो, उलटीपालटी करतो आणि विचारतो, "यात नवीन काय?" समोरच्याचा चेहरा पडतो. मग तासभर उलटतपासणी. हे असं का, याऐवजी तसं केलं तर चालेल का, हा भाग काढून टाकला तर काय बिघडेल? शेवटी त्या माणसाला आपण नक्की काय शोधलंय ते पहिल्यांदा नीट कळतं, आणि तो खूश होऊन जिना उतरतो. नवरा मात्र आंबट तोंड करून घरी येतो.

"कोण आलं होतं?"

"एक जण. कप धुवायचं यंत्र घेऊन."

"चांगलं होतं?"

"बरं होतं."

'वाईट होतं' म्हणाला की समजावं, आज पोट ठीक आहे. 'बरं होतं' म्हणाला की यंत्र उत्तम आहे आणि याचा जळफळाट झालाय.

अर्जाच्या शेवटी दावे असतात. दावा म्हणजे शोधाभोवतीचं कुंपण: इथपर्यंत माझं, पुढचं तुमचं. कुंपण फार पसरवलं तर ते कुणाच्या तरी जुन्या शोधात घुसतं आणि पेटंट कार्यालय उखडून टाकतं. फार आवळलं तर शेजारी बाजूनं वाट काढून तोच माल विकतो. म्हणून हा लिहिताना चोराच्या डोक्यानं विचार करतो आणि चोराला सुचेल ते सगळं आधीच अर्जात घालून ठेवतो. 'आणखी एका प्रकारात' असं म्हणायचं आणि दुसरी रचना सांगायची. 'आणखीही एका प्रकारात' म्हणून तिसरी. हे प्रकार पुष्कळदा शोध लावणाऱ्याच्या स्वप्नातही आलेले नसतात. ते याच्या डोक्यातून निघतात आणि त्या माणसाच्या नावावर जमा होतात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

आता माझा भाऊ. घरात त्याचं नाव खटपट्या. लहानपणी त्याच्या हातात दिलेली वस्तू परत आली तर सुटी होऊनच यायची. अभ्यासाशी वैर. नापास होत होत एक दिवस त्यानं कॉलेजचा नाद सोडला आणि दुकानांची लोखंडी शटरं बसवायचं आणि दुरुस्त करायचं काम धरलं. आईनं डोक्याला हात लावला. तिचं सगळं कौतुक तेव्हा जावयाच्या वाट्याला होतं. 'आमचे जावई वर्गात पहिले आले होते,' हे ती दूधवाल्यालाही सांगायची. नवरा त्या काळात माझ्या भावाशी अतिशय प्रेमानं वागायचा. त्याला समजवायचा, पुस्तकं आणून द्यायचा. नापास मेहुण्यावर माया करणं सोपं असतं.

मग एका घड्याळवाल्याच्या दुकानाचं शटर पडलं. वरच्या पाइपात जी स्प्रिंग असते ती तुटली आणि सगळा पत्रा सरसरत खाली आला. माणूस वाचला, पायाचं हाड मोडलं. एक्स-रे मीच काढला. ते शटर माझ्या भावानं बसवलेलं होतं. चूक त्याची नव्हती, स्प्रिंग जुनी झाली की तुटतेच, पण ते त्याच्या मनाला लागलं. महिनाभर तो धड जेवला नाही. आणि एके दिवशी वर्कशॉपमध्ये बोलावून त्यानं मला दाखवलं: पाइपाच्या टोकाला आत एक छोटा वजनदार खटका, भोवती भिंतीला पक्कं केलेलं दातेरी कडं. शटर सावकाश खाली घेतलं तर काही होत नाही. स्प्रिंग तुटून पाइप जोरात फिरला, की खटका झटक्यानं बाहेर फेकला जातो, दातात अडकतो आणि शटर जागच्या जागी थांबतं. त्यानं मुद्दाम स्प्रिंग कापली. शटर वीतभर घसरलं आणि थांबलं. मला रडू आलं.

"भावोजींकडे नेऊ का गं ताई? पेटंट मिळेल?" त्यानं विचारलं.

मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बरं आहे." मी मनात म्हटलं, झालं!

पेटंट मिळायचं तर गोष्ट जगात नवी असावी लागते. त्यामुळे अर्ज लिहायच्या आधी जुनी पेटंटं धुंडाळावी लागतात. हे काम नवरा नेहमी नेटानं करतो, पण माझ्या भावासाठी त्यानं जे धुंडाळलं ते बघायला हवं होतं. जेवताना वाचतोय, दात घासताना वाचतोय, रविवारी ऑफिस. मुदत संपून धूळ खात पडलेली, परक्या भाषांतली पेटंटं मागवतोय. भोळी असते तर मला वाटलं असतं, मेहुण्यासाठी किती राबतोय! पण हा शोधत होता ते एवढ्याचसाठी, की हे आधीच कुणीतरी केलेलं निघावं.

आणि निघालं. एका संध्याकाळी शीळ घालत घरी आला. याला शीळ घालता येते हेच मला माहीत नव्हतं. माल चढवायच्या कुठल्याशा पुरातन लिफ्टमध्ये अगदी असाच खटका होता, असंच दातेरी कडं होतं. दुसऱ्या दिवशी भावाला घरी बोलावून त्यानं ती पिवळी आकृती टेबलावर ठेवली. आवाजात इतकं दुःख, की कुणालाही खरं वाटावं. "तुझं मुख्य जे आहे ना, ते जुनंच आहे रे. वाईट वाटतंय मला."

भावानं आकृती बघितली, आणि त्याचा चेहरा फुलला. "म्हणजे भावोजी, एवढ्या मोठ्या इंजिनिअरला जे सुचलं तेच मला सुचलं? न शिकता?"

नवऱ्याच्या अंगाचा तिळपापड झाला. चांगल्या माणसावर जळण्यात हीच पंचाईत आहे, त्याला तुमचा बाण लागतच नाही.

खटका पाइपाच्या आत बसवलाय एवढंच काय ते नवं होतं. तेवढ्यावर अर्ज करायचं ठरलं. नवरा नेहमीच्या उलटतपासणीला बसला. "शटर अडकलं. पुढे? सोडवायचं कसं?"

"त्यात काय? शिडी लावायची, वरचा डबा उघडायचा, स्क्रू ढिला करायचा. मलाच बोलावणार ना!" भाऊ हसला.

"आणि आत माणूस अडकला असेल तर?"

तेवढ्यात भावाचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत गॅलरीत गेला.

नवरा चिडून त्या आकृतीकडे बघत बसला. साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा त्यानं कात्रीनं कापायला घेतला. दाताची एक बाजू सरळ ठेवली, दुसरी उतरती कापली. पुठ्ठ्याचाच खटका केला, त्याला माझ्या केसांचा रबर बांधला. मी भाजी निवडता निवडता बघत होते. खटका सरळ बाजूला टेकला की घट्ट बसायचा. कडं जरासं उलट फिरवलं, म्हणजे शटर हातभर वर उचललं असं समजा, की उतारावरून घसरून आपसूक आत जायचा. शिडी नको, स्क्रू नको. त्यानं ते पुन्हा पुन्हा करून बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर आनंदबिनंद काही नव्हता. "एवढं साधं याला सुचू नये?" असं पुटपुटत होता.

भाऊ निघाला तेव्हा यानं त्याला दारात थांबवून समजावलं. दार ओढून दाखवलं. "ही कुलपाची जीभ बघ. एका बाजूनं उतार आहे, म्हणून दार लोटलं की ती आपोआप आत जाते. तसं करायचं."

"हो हो, मस्त! घाला ना तेही," भाऊ म्हणाला आणि पायात चपला सरकवून गेला. त्याला कुठलंसं शटर उघडायला जायचं होतं.

मी लगेच म्हटलं, "हे तू शोधलंस. तुझं नाव घाल."

"आमच्यात घालत नाहीत. शिंपी गिऱ्हाइकाचा कोट घालून फिरत नाही."

"पण नियम काय आहे?"

तेव्हा त्यानं चष्मा काढला. नियमानं, म्हणे, ज्यानं शोध लावला त्याचं नाव घालायलाच हवं, अर्धा लावला असेल तर त्याच्या जोडीला. म्हणजे कागदावर आधी माझ्या भावाचं नाव येणार आणि त्याखाली याचं. "खटपट्या आणि मंडळी! त्यातली मंडळी मी. नको. आणि हा दावा कुणी विचारणारही नाही. भरताड आहे." वर्गात पहिला आलेला माणूस नापास मेहुण्याच्या खाली दुसरा लागायला तयार नव्हता. त्यानं लिहिलं, 'आणखी एका प्रकारात', आणि शेवटचा दावा म्हणून ते घालून दिलं. शोध लावणारा म्हणून एकच नाव. भावानं न वाचता जिथे दाखवलं तिथे सही केली. भावोजींनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, असा त्याचा हिशेब.

पेटंट मिळालं. भावाचा खटका दुकानादुकानांत बसू लागला. वर्कशॉपचं शेड झालं, शेडचा कारखाना झाला. आणि मग शटरं बनवणाऱ्या एका बड्या कंपनीनं तसाच खटका काढला, आपसूक सुटणारा, आणि वर भावाच्याच पेटंटवर हरकत घेतली. ते रद्द झालं असतं तर कंपनीनं त्याला वर्षभरात गिळलं असतं. कारखान्यात माणसं होती, कर्ज होतं. त्याची झोप उडाली.

सुनावणीला मी रजा टाकून गेले. पेटंट कार्यालयाची ती खोली, उंच छत, गुळगुळीत झालेली बाकं, पुढे अधिकारी. कंपनीची वकीलबाई हुशार होती. तिनं तीच पिवळी आकृती बाहेर काढली. खटका आत बसवला यात विशेष ते काय, म्हणून पहिला दावा पडला. एकेक पडत गेला आणि शेवटी ते भरताड तेवढं उरलं. त्याच्यासारखं जुनं तिला काही सापडलं नव्हतं. कुठून सापडणार? नवऱ्याचं सगळं उकरून झालेलं होतं.

मग ती माझ्या भावाकडे वळली. "हे तुम्हाला कसं सुचलं, सांगाल?"

भाऊ एवढंच जरी म्हणाला असता, की हे भावोजींनी घातलं, तरी सगळं संपलं होतं. शोध एकाचा आणि नाव दुसऱ्याचं, असं निघालं की समोरच्याच्या हाती कोलीतच मिळतं. पेटंट जातं. नवरा त्याच्या शेजारीच बसला होता, समोरच्या कागदाकडे बघत.

भाऊ म्हणाला, "मॅडम, घराचं दार ओढून घेतो ना आपण? कुलपाच्या जिभेला एका बाजूनं उतार असतो. रोज बघायचो. एक दिवस दार लावता लावता लख्ख डोक्यात आलं, अरे, खटक्याला असाच उतार दिला तर! मी तसाच दारात उभा राहिलो. बायको म्हणाली, काय झालं? मला बोलताच येईना."

तो खोटं बोलत नव्हता. माझा भाऊ मला कळतो, खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात. त्याला ते खरंच तसं आठवत होतं. कुणी समजावलं होतं ते पुसलं गेलं होतं आणि दार तेवढं उरलं होतं. अधिकारीसुद्धा हसले. दावा टिकला. कंपनीला तडजोड करावी लागली. हे वाचणाऱ्यांत त्या कंपनीचं कुणी असेल, तर त्यांनी ही सगळी माझ्या मनाची करामत समजावी.

घरी येताना मी नवऱ्याला म्हटलं, "आता तरी सांग त्याला."

"सांगून? आता त्याला कळलं आणि पुढच्या सुनावणीत कुणी विचारलं, तर त्याला खरं सांगावं लागेल. आणि तो सांगेल. तो तसलाच आहे." मग चष्मा पुसत म्हणाला, "त्याला माहीत नाही म्हणूनच ते टिकलंय."

नव्या कारखान्याच्या उद्घाटनाला भावानं सगळ्यांना बोलावलं. खुर्च्या मांडल्या होत्या, आई पुढच्या रांगेत. आता तिचं कौतुक दिशा बदलून वाहत होतं. चहा घेताना ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, "जावईबापू, एवढे तुम्ही शिकलेले, तुम्हाला कसं हो कधी असं काही सुचलं नाही?"

तिनं ते लागावं म्हणून म्हटलं नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं. माझं तोंड उघडलं होतं. मी बोललेच असते. नवऱ्यानं माझ्याकडे नुसतं बघितलं आणि आईला म्हणाला, "नाही सुचलं खरं."

"आई, अगं भावोजींनीच लिहिलं ना सगळं," भाऊ पलीकडून म्हणाला.

"लिहिलं रे. लिहिणं वेगळं."

मग पाहुण्यांनी आग्रह केला आणि भावानं ती दाराची गोष्ट पुन्हा सांगितली, हातवारे करून. लख्ख डोक्यात आलं म्हणताना त्याचे डोळे भरून आले. माझ्या डोळ्यांत ते खुपलं. मी नवऱ्याच्या कानाशी म्हटलं, "कसं ऐकवतं रे तुला?"

तो भावाकडेच बघत होता, आणि इतक्या वर्षांत त्याच्या तोंडावर एवढा उघडा मत्सर मी कधी बघितला नव्हता. "बघ ना," तो म्हणाला, "किती आनंद झालाय त्याला. मला ते सुचलं तेव्हा मी नुसता चिडलो होतो, याला कसं सुचत नाही म्हणून. आयुष्यात एकदाच काहीतरी सुचलं, आणि आनंद करायचा राहून गेला."

या वेळी त्यानं मतभेद हा शब्द काढला नाही.

त्या दिवसापासून मी भावाकडे जाणं कमी केलंय. त्याची गाडी, त्याचा कारखाना, सुनावणीची हकीकत सांगतानाचा त्याचा तो आनंद, काहीच मला बघवत नाही. नवऱ्याला इतकी वर्षं हसले, आता तीच आग माझ्या पोटात आहे, आणि ती सख्ख्या भावाबद्दल आहे. परवा त्याचा फोन आला.

"ताई, येत नाहीस हल्ली. माझं काही चुकलं का गं?"

"नाही रे," मी म्हटलं. "तुझं काही चुकलेलं नाही."

आणि तेच तर मला सहन होत नाही.